अण्णांच्या सपाता

"या घे," मकरंद म्हणाला. "आतून लोकर आहे. पाय गार पडणार नाहीत त्यांचे."

बुडापेस्टच्या मोठ्या बंदिस्त बाजारात, वरच्या मजल्यावर, मी सपातांच्या ढिगासमोर उभी होते. एका हातात निळी जोडी, दुसऱ्या हातात चॉकलेटी. विकणारी बाई जाडजूड, गालांवर लाली, आणि तोंडाचा पट्टा असा चालू की एक शब्द कळत नसला तरी आपल्या सांगलीच्या मारुती चौकातल्या भाजीवालीची आठवण यावी.

"मापाचं काय पण?" मी म्हटलं.

"अण्णांचं आणि माझं माप एकच आहे की. दिवाळीत त्यांच्या चपला घालून मी दूध आणायला गेलो होतो." असं म्हणून त्यानं बूट काढला, सपात चढवली आणि चार पावलं चालून दाखवली. "मस्त आहेत. चॉकलेटीच घे, विदुला. मळ दिसत नाही."

मागं बाकावर बसलेल्या माई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "घे गं घे. मनात आलंय ना, मग घेऊन टाक."

मी घेतल्या. त्या बाईनं कागदात गुंडाळून दिल्या आणि मी त्या पिशवीत न टाकता काखेत मारून दिवसभर फिरले. एवढी खूश होते मी.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीला शाळेत भूगोल शिकवायचे. डिसेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. मी तेव्हा व्हिएन्नात, संसाराच्या राज्यात! त्याच दिवशी निघते म्हटलं, तर मकरंद म्हणाला, "डॉक्टर म्हणतात धोका टळलाय. माई जानेवारीत परत जाणारच आहेत. त्यांना एकटीला विमान बदलायला जमायचं नाही. तू त्यांच्याबरोबरच जा, म्हणजे दोन्ही होईल." मी भांडले. दोन दिवस जेवले नाही. शेवटी अण्णाच फोनवर अडखळत म्हणाले, "सावकाश ये. मी कुठं पळतोय." तेव्हा कुठं मी गप्प बसले. मंगळवारचं तिकीट निघालं आणि मी रोज सकाळी उठून, आज एक दिवस कमी झाला, असं स्वतःला सांगत होते. मला एवढंच हवं होतं. अण्णांच्या उशाशी बसायचं. बाकी काही नाही.

आणि त्या मंगळवारच्या आधीचा हा शनिवार-रविवार. माईंना जाण्याआधी बुडापेस्ट दाखवायचं आधीपासून ठरलं होतं. व्हिएन्नाहून आगगाडीनं तीनेक तासांचा रस्ता. बुडापेस्ट माझं लाडकं गाव, कारण अख्ख्या युरोपात मला तेवढंच एक गाव आपल्यासारखं वाटतं. व्हिएन्नात सगळे कसे इस्त्री केलेले. इथं लोक मोठ्यानं बोलतात, ढकलतात, हसतात, जेवणात तिखट घालतात. बाजारात लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात. मधून नदी, नदीवर पूल. अण्णांना मी फोनवर सांगायची, "अण्णा, इथं बर्फ पडत असताना उघड्यावर गरम पाण्यात पोहतात हो लोक." तर म्हणायचे, "भूगोलाच्या मास्तरला थापा मारू नकोस."

आता मुद्द्याची गोष्ट. त्या दोन दिवसांत माझ्याशी सगळे फार चांगले वागत होते.

तुम्हाला माई माहीत नाहीत म्हणून सांगते. पुण्याच्या. बोलणं लोणी लावल्यासारखं, आणि आत सुरी. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मला पोळी नीट येत नाही हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला "तिच्याकडे भाकरी करतात ना" असं सांगून समजावून द्यायच्या. माझं पोर टिकलं नाही दोनदा, तर तेही सांगलीच्या पाण्यावर ढकललेलं. अशी बाई शुक्रवारी संध्याकाळी गाडीत मला खिडकीपाशी बसवते, "विदुला, तू बस बाळा, तुला आवडतं ना बघायला" म्हणते! मला अकरा वर्षांत कोणी बाळा म्हटलं नव्हतं त्या घरात. निघण्याआधी घरी दिवा लावायला गेले तर माझ्या हातातून काडेपेटीही काढून घेतली. "राहू दे, मी लावते. तू दमलीयस."

मी मकरंदला म्हटलं, "अण्णांना एक फोन लावते आणि मग निघू."

"आत्ता? तिकडे रात्र झाली. झोपले असतील. कशाला उठवतेस?"

"अजित तर जागा असेल." अजित माझा धाकटा भाऊ.

"अजितशी मी सकाळीच बोललो ऑफिसातून. म्हणाला, शांत आहेत. चल, गाडी चुकेल."

झालं. शांत आहेत म्हटल्यावर मी शांत झाले.

मकरंदची तर कमालच. हा माणूस रस्त्यात माझ्यापुढं दहा पावलं चालणारा. तो बुडापेस्टच्या पुलावर माझा हात धरून उभा राहिला. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. मी म्हटलं, "काय रे, बरं वाटतंय ना?" तर म्हणाला, "तू खूप सोसलंस गेला महिनाभर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, उशिरा का होईना, देवाला दया आली. मधेच त्याला ऑफिसचा फोन यायचा, मग तो लांब जाऊन, पाठ करून बोलायचा. एकदा परत आला तेव्हा डोळे लाल. "वारा किती बोचरा आहे," म्हणाला. मी माझा मफलर काढून त्याच्या गळ्यात गुंडाळला.

शनिवारी दुपारी आम्ही त्या गरम पाण्याच्या स्नानगृहात गेलो. राजवाड्यासारखी पिवळी इमारत, मधे उघडे हौद, वर पांढरी वाफ, आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून म्हातारे बुद्धिबळ खेळतायत. माई नऊवार नाही तर नाही, पण पाचवार, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल अशा थाटात हौदाच्या काठावरच्या बाकावर बसल्या. पोहण्याच्या पोशाखातल्या गोऱ्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या आणि त्या त्यांच्याकडं. मला हसू आवरेना. मी पाण्यात उतरले. अंगातला महिनाभराचा ताण सुटल्यासारखा झाला. वर भुरभुर बर्फ, खाली ऊन पाणी.

"विदुला," माई काठावरून म्हणाल्या, "डोकं बुडव."

"अहो माई, केस ओले झाले तर बाहेर गारठून मरेन."

"बुडव म्हणते ना. गरम झरा आहे, आपल्या वज्रेश्वरीसारखा. पूर्ण बुडव. तीनदा."

"पुण्य लागतं का?" मी हसत विचारलं.

"लागतं. बुडव."

मी नाक धरलं आणि मारल्या तीन बुड्या, पोरीसारख्या. वर आले तर माईंनी डोळे मिटून हात जोडले होते. मकरंद पाण्यातच जरा लांब उभा होता, तो दुसरीकडं बघत होता. मी त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. म्हटलं, "अरे, फोटो काढ ना माझा! अण्णांना दाखवते. त्यांना थापाच वाटतात सगळ्या."

तो गेला, टॉवेलनं हात पुसून कॅमेरा घेऊन आला आणि त्यानं फोटो काढला. "हस," म्हणाला. मी तर हसतच होते.

संध्याकाळी त्यांनी मला लसूण आणि साय लावलेली ती तळलेली मोठी पुरी खाऊ घातली, वर गोड काय काय. माईंनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात वाढलं. एरवी आधी मकरंदला, मग स्वतःला, मग उरलं तर मला. झोपताना मी मकरंदला म्हटलं, "माईंना सांग, त्या गेल्या की मला चुकल्यासारखं होईल." हे मी मनापासून म्हटलं. अशी मी येडी.

रविवारी दुपारी आम्ही परत घरी आलो. मी सगळ्यात आधी सामानाची बॅग काढली आणि सपाता तिच्यात अगदी वर ठेवल्या, म्हणजे सांगलीत बॅग उघडली की पहिल्यांदा त्याच हाताला याव्यात. माईंनी चहा केला. माईंनी! कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "पी आधी."

मी प्यायले. मकरंद समोर बसला होता, हात गुडघ्यांवर.

"विदुला," तो म्हणाला, "अण्णा गेले."

मला वाटलं, आत्ता फोन आला असेल. मी बॅग भरत होते तेव्हा, आतल्या खोलीत. मी उठलेच. "कधी? आत्ता? आजचं विमान बघ. मकरंद, आजचं बघ, मंगळवार नको—"

तो माईंकडं बघायला लागला.

"कधी गेले?"

"शुक्रवारी," तो म्हणाला. "पहाटे. झोपेतच. काही त्रास झाला नाही त्यांना."

शुक्रवारी. मी बसले. डोक्यात काही शिरेना. मी वेड्यासारखी बोटांवर दिवस मोजून बघत होते. म्हणजे गाडीत खिडकीपाशी बसले तेव्हा नव्हते. पुलावर नव्हते. सपाता घेताना नव्हते.

"तुला कधी कळलं?"

"अजितनं सकाळीच फोन केला. ऑफिसात."

आमच्याकडं ही रीतच आहे. लग्न झालेल्या पोरीला अशी बातमी एकदम सांगायची नसते. आधी जावयाला कळवायचं, मग त्यानं सवडीनं, धीर देत, तिच्या कानावर घालायचं. बाईमाणूस कोसळू नये म्हणून. अजितनं रीत पाळली. माझ्याऐवजी त्याला फोन केला आणि निश्चिंत झाला.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"आम्ही विचार केला," मकरंद म्हणाला. "म्हणजे मी आणि माईंनी. मंगळवारचं तिकीट होतंच. चार दिवस आधी जाऊन तू काय करणार होतीस? माईंचं परत येणं होणार नाही कधी. आणि तुलाही बरं वाटलं ना दोन दिवस? खरं सांग, किती दिवसांनी हसलीस!"

"जाऊन काय त्यांचे डोळे उघडणार होते?" माई म्हणाल्या. बाळा वगैरे संपलं होतं. "सगळं नीट विचार करूनच केलंय. लेकीला तीन दिवसांचं सुतक. शुक्रवार, शनिवार आणि आज. तुला कळलं नव्हतं म्हणून तुझ्या खाण्यापिण्याला दोष नाही. मला कळलं होतं म्हणून दिव्याला तुला हात लावू दिला नाही. आणि काल डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं ते काय उगाच? आता आज एकदा न्हा की सुटलीस. मंगळवारी मला विमानात तुझ्या शेजारी बसायचंय."

शिव्या मला येतात. सांगलीची आहे मी. पण त्या क्षणी एकही आठवली नाही. मी बॅग उघडली, सपाता काढल्या आणि एकेक करून मकरंदच्या छातीवर फेकल्या. "घालून बघितल्यास ना? चार पावलं चाललास ना? मळ दिसत नाही म्हणालास! कुणाच्या पायात घालू रे त्या? सांग ना! कुणाच्या?"

"आवाज हळू," माई म्हणाल्या. "खाली म्हातारं जोडपं राहतं."

"विदुला, मी तुझ्यासाठीच—" मकरंद म्हणाला.

"माझा बाप मेला होता आणि तू म्हणालास हस! हस म्हणालास मला!"

तो रडायला लागला. खरंच रडायला लागला. त्याला रडताना बघून माझं रडू आटलं. मी फोनकडं गेले.

अजितनंच उचलला. मी ताई बोलतेय म्हटल्यावर म्हणाला, "हां. बोल."

"अजित, अरे अण्णा..."

"झाली का ट्रिप?"

"काय?"

"ट्रिप. झाली का म्हटलं. बरं होतं का हवामान?"

"अजित, मला आत्ता कळलं रे. आत्ता, या मिनिटाला. मकरंदनं मला सांगितलंच नाही."

तो हसला. माझा भाऊ, माझ्या कडेवर वाढलेला, असा हसताना मी कधी ऐकला नव्हता. "ताई, दाजींशी मी स्वतः बोललो. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा म्हटलं, ताईला सांगा, दुपारचं विमान मिळालं तर शनिवारी दुपारपर्यंत पोचेल, आम्ही थांबतो. बर्फाची लादी आणून ठेवली होती दारात. सगळे नातेवाईक म्हणाले, लेक येईपर्यंत थांबायचं. तासाभरानं दाजींचा फोन आला. म्हणाले, तिच्याशी बोललो, ती म्हणते थांबू नका. तिला ते तसलं रूप बघायचं नाही. तुम्ही उरकून घ्या."

"मी असं म्हटलं नाही! अजित, मला माहीतच नव्हतं तर मी म्हणेन कशी?"

"लादी परत पाठवली आम्ही. गाडीवाला विचारत होता, का हो, कॅन्सल का."

"अजित, आईच्या गळ्याची शपथ—"

"तिची शपथ घेऊ नकोस," तो म्हणाला. "आम्हाला आता तेवढी एकच राहिलीय. थांब, तिला देतो."

आजपर्यंत त्याला पटलेलं नाही. भाऊबीजेला ओवाळून घेतो, पाया पडतो, पण डोळ्याला डोळा देत नाही. मकरंदला मी पुढं सोडलं, तेव्हा माहेरचे म्हणाले, एवढा चांगला माणूस, हिनंच काहीतरी केलं असणार. ते जाऊ दे. मी त्या फोनबद्दल सांगत होते.

आईचा आवाज आला. कोरडा. रडून रडून कोरडा झालाय असं नाही, नुसताच कोरडा, परक्या बाईशी बोलतात तसा. "विदू? जेवलीस का?"

"आई, मला कळवलंच नाही गं. लपवलं दोघांनी. मी बाजारात अण्णांसाठी वस्तू घेत होते गं आई. मी काय असं म्हणेन का, थांबू नका म्हणून? माझे अण्णा गं..."

"असू दे. झालं ते झालं."

"असू दे काय! तुला खरं वाटतंय ना मी सांगतेय ते?"

मागं कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. आई हळू आवाजात, समजूत काढल्यासारखी म्हणाली, "विदू, नवऱ्यावर असं ढकलू नये बाळ. जावईबापूंचा काल दोनदा फोन आला होता. केवढे रडले माझ्याजवळ. म्हणाले, तिच्यावर रागावू नका, तिला सोसवत नाही म्हणून ती तसं म्हणाली. तुला जपतात गं ते. त्यांनी बिचाऱ्यांनी खोटं कशाला बोलावं? त्यांचा काही स्वार्थ आहे का यात?"

काल दोनदा. तो ऑफिसचा फोन. लाल डोळे. मी मफलर गुंडाळला होता.

"आई, ऐक माझं. एकदा ऐक फक्त. नीट सांगते मी सगळं—"

"आता ताकद नाही गं माझ्यात. मंगळवारी ये. आलीस की बोलू. पण इथं आल्यावर अजितसमोर हे जावयांचं काढू नकोस. त्याला खपायचं नाही. चारचौघांत तमाशा नको, अण्णांचे दिवस आहेत."

मी काही बोलणार तेवढ्यात मकरंद माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोन माझ्याकडून अलगद काढून घेतला.

"आई, मी बोलतोय, मकरंद," तो म्हणाला. "काळजी करू नका. मी बघतो तिच्याकडं."

आणि मग मला ऐकू आलं. त्यानं फोन कानाला लावला होता तरी बाहेर येत होतं. माझ्याशी एवढा वेळ कोरडं बोलणारी माझी आई त्याच्याजवळ हमसून हमसून रडत होती.